टायरचा चुरा घातलेलं डांबर आणि नागपूरचा मे महिना: नेमकं बिघडतं कुठे?

बोर_नदीकाठ

हिंगणा एमआयडीसीतल्या एका जोडरस्त्यावर बीसीचा (बिटुमिनस काँक्रीट, सगळ्यात वरचा डांबरी थर) ४० मिमीचा थर टाकायचा आहे. लांबी १ किमी, रुंदी ७ मीटर. निविदेत "सीआरएमबी ५५ किंवा समतुल्य" एवढंच लिहिलंय. सीआरएमबी म्हणजे टायरचा चुरा मिसळलेलं डांबर. सळ्यांचे ट्रेलर चालतात, वजनकाट्यापुढे रांग उभी असते आणि तिथंच सध्याच्या थरात चाकांचे चर पडलेत, सगळ्यात खोल जागी ३५ मिमी.

प्रश्न तीन. रबर घातल्यानं हे चर थांबतील का? तयार टँकर मागवावा की प्लँटवरच चुरा मिसळावा? आणि "समतुल्य" म्हणून पीएमबी (पॉलिमर मिसळलेलं डांबर) आणलं तर फरक काय पडेल?

गिट्टी_चुरी

आधी नावाचा घोळ मिटवू. सीआरएमबी ५०, ५५, ६० ही नावं आयएस १५४६२:२००४ या भारतीय मानकातली. त्यातला ५५ म्हणजे सॉफ्टनिंग पॉइंट (ज्या तापमानाला डांबर मऊ पडतं तो) किमान ५५ अंश. २०१९ च्या फेरबदलात १५४६२ पॉलिमरपुरतं राहिलं आणि रबराच्या डांबरासाठी वेगळं आयएस १७०७९ आलं. तुमच्या निविदेनं कोणतं मानक धरलंय ते पुरवठा आदेशापूर्वी लेखी विचारून घ्या. नाहीतर टँकर एका मानकाचं प्रमाणपत्र घेऊन येतो, लॅब दुसऱ्यानं तपासते आणि भांडण टँकर रिकामा झाल्यावर सुरू होतं.

आता रबर काय करतं ते. टायरचा चुरा डांबरात साखरेसारखा विरघळत नाही. तो डांबरातली हलकी तेलं पितो आणि फुगतो, कण मूळ आकाराच्या दोन-तीन पट होतो. तेल कमी झाल्यानं उरलेलं डांबर घट्ट होतं आणि मधे फुगलेले लवचीक कण राहतात. या दोन्हींमुळे उन्हात थर कमी वाहतो. काहीच न मिसळलेल्या साध्या व्हीजी ३० डांबराचा सॉफ्टनिंग पॉइंट किमान ४७ लागतो. मे महिन्यात हवा ४५ वर असते तेव्हा काळ्या थराचा पृष्ठभाग ६५ च्या आसपास जातो. त्या तापमानाला ४७ वालं डांबर गिट्टीला धरून ठेवत नाही, वंगणाचं काम करतं. ५५ वालंही त्या तापमानाला मऊच असतं, पण पातळ होऊन वाहत नाही.

चर मात्र एकट्या डांबरानं थांबत नाहीत. ३५ मिमी खोल चर ४० मिमीच्या वरच्या थरातून एकट्यानं येईल, हे पटत नाही. चराच्या आडवी एक पट्टी कापून बघा. खालच्या डीबीएमची (बीसीखालचा जाड डांबरी थर) रेघ सरळ असेल तर दोष वरच्या थराचा. ती रेघही वाकलेली असेल तर खालचा थर किंवा मुरूम दबलाय, मग वर रबर घाला नाहीतर सोनं घाला.

तर्री_कमी

पट्टी कापायला कोण परवानगी देतं राजेहो! चराच्या आडवे चार कोअर (गोल भोक पाडून काढलेले थराचे नमुने) काढले तरी चालतात: दोन चरात, एक मधल्या उंचवट्यावर, एक कडेला. प्रत्येकात वरच्या थराची जाडी मोजायची. चरात ३८ आणि उंचवट्यावर ४८ भरली तर माल वरच्या थरातच सरकलाय. जाडी सगळीकडे सारखी तर खालचा थर दबलाय.

मार्शल७५

दोन्ही बरोबर. आता मिसळायच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथंच होतो.

प्लँटवर मिसळणं म्हणजे व्हीजीच्या टाकीचं झाकण उघडून चुऱ्याच्या बॅगा ओतणं नव्हे. तसं केलं की काय होतं ते आधी सांगतो. रबराची घनता साधारण १.१५, डांबराची १.०२. ढवळणी नसली की चुरा तळाला बसतो आणि तापनळ्यांवर जमतो. नळीला चिकटलेला चुरा भाजून कोळसा होतो, टाकीचा काटा १६० दाखवतो आणि नळीजवळ त्याहून पुष्कळ जास्त असतं. सकाळी पंप सुरू केला की पहिल्या दहा मिनिटांत गाळणी बसते. गाळणी बसली म्हणून ऑपरेटर ती काढून ठेवतो. मग स्प्रे बारच्या नोझलमध्ये गोळे अडकतात आणि निम्मी गिट्टी अर्धवट कोरडी बाहेर पडते.

नीट करायचं तर वेगळी टाकी हवी, तिला पात्याची ढवळणी आणि सतत फिरवणारा पंप हवा. १० टन डांबर घ्या आणि १७०-१७५ अंशांवर आणा. चुरा ४० मेशचा, म्हणजे साधारण ०.४२५ मिमीतून गळणारा. ३० मेश, ०.६ मिमीचाही चालतो, पण त्याला फुगायला जास्त वेळ लागतो. १० टक्क्यांनी १ टन, म्हणजे २५ किलोच्या ४० बॅगा. दीड मिनिटाला एक बॅग या वेगानं तासभर लागतो. घाई केली तर गार चुऱ्यानं तापमान पडतं आणि गुठळ्या होतात. सगळ्या बॅगा गेल्यावर १७५-१८० ला निदान ४५ मिनिटं ते एक तास ढवळायचं. दर १५ मिनिटांनी नमुना काढून चिकटपणा मोजायचा. तो आधी चढतो, मग एका पातळीवर थांबतो. थांबला की माल तयार.

टाकीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायचाच. चुऱ्यात ओल असली की तापलेलं डांबर फेसाळून झाकणातून बाहेर येतं, आणि खाली बर्नर असतो. पावसाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या बॅगांची ओल आधी तपासा. पाऊण टक्क्याच्या वर असेल तर परत करा.

बोर_नदीकाठ

१० टक्के म्हणजे डांबराच्या १० की एकूण मिश्रणाच्या?

मार्शल७५

हा प्रश्न निविदापूर्व बैठकीतच विचारायचा असतो. १० टन डांबरात १ टन चुरा घातला तर एकूण ११ टन, आणि त्यात रबर ९.१ टक्के. एकूण मिश्रणात १० टक्के हवं असेल तर १० टनाला १,१११ किलो घालावं लागतं. बिल आणि तपासणी दोन्ही एकाच व्याख्येवर असू द्या.

ऑटोमोटिव्ह_चौक

वर लिहिलेली तासभर ढवळायची रीत मूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनाची. फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात खड्डे आणि भेगा बुजवायला ती बसवली. तिथल्या व्याख्येत रबर किमान १५ टक्के असतं आणि १७५ अंशांना चिकटपणा १५०० ते ५००० सेंटिपॉइजमध्ये लागतो. इतकं दाट डांबर आपल्या नेहमीच्या बीसीच्या ग्रेडिंगमध्ये (गिट्टीच्या आकारांच्या प्रमाणात) मावत नाही, त्याला मधल्या आकाराची गिट्टी कमी ठेवलेलं गॅप ग्रेडिंग लागतं. आपल्याकडे त्यासाठी आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी १०७:२०१५ ही मार्गदर्शिका आहे. टँकरमधून येणारं सीआरएमबी हे त्यापेक्षा कमी रबराचं, बारीक चुऱ्याचं आणि कारखान्यात तयार झालेलं असतं. दोघांना "रबराचं डांबर" म्हणतात आणि एकाचं जॉब मिक्स (कामासाठी ठरवलेलं मिश्रणाचं प्रमाण) दुसऱ्याला लावतात, त्यानं घोटाळा होतो.

१ किमीसाठी वेगळी टाकी आणि ढवळणी उभारणं परवडणार नाही. तयार टँकर मागवा.

गिट्टी_चुरी

सहमत. हिशोब करून बघा. १००० × ७ × ०.०४ = २८० घनमीटर. घनता २.३५ धरली तर ६५८ टन माल. डांबर ५.५ टक्के धरलं तर ३६ टन, म्हणजे दोन टँकरसुद्धा पूर्ण नाहीत. एवढ्यासाठी मिश्रणाचा कारखाना मांडायचा काहून?

रबर किती जिरतं तेही यातच निघतं. १० टक्क्यांनी ३.६ टन चुरा. ट्रकचा टायर ५० किलोचा धरला आणि तार-धागा काढून ३०-३५ किलो चुरा निघतो असं मानलं, तर शंभर-सव्वाशे टायर. "हजारो टायर रस्त्यात गाडले" अशा बातम्या वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

संत्रा_बर्फी

टायर कोणताही चालतो का? भंगारात स्कूटरचे, कारचे, ट्रकचे सगळे एकत्र येतात.

ऑटोमोटिव्ह_चौक

चालत नाही असं नाही, पण ट्रकचा बरा. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त, कारच्यात कृत्रिम जास्त. नैसर्गिक रबर डांबरात लवकर फुगतं. चुऱ्यात तारेचे तुकडे नकोत, ते पंपाचे गिअर खातात. पांढऱ्या कागदावर मूठभर चुरा पसरून वरून लोहचुंबक फिरवा, दाढीच्या केसांसारखे तुकडे उभे राहतात. नायलॉनचा धागा कापसासारखा गोळा होऊन वर येतो, तोच पुढे गाळणीत अडकतो.

भावाचंही बघा. २०२२ मध्ये टायर उत्पादकांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकणारे नियम आले. जुना टायर आता चुरा करणाऱ्यांनाही हवा आणि हवा न लागू देता तापवून तेल काढणाऱ्या पायरोलिसिसवाल्यांनाही. फुकटचा कचरा समजून दर लावू नका.

तर्री_कमी

पीएमबीचं राहिलंच नं.

मार्शल७५

पीएमबीत बहुतेक वेळा एसबीएस हे पॉलिमर असतं, ३ ते ५ टक्के. ते हाय शिअर मिलमधून दळून मिसळावं लागतं, साध्या ढवळणीनं होत नाही. एसबीएसची साखळी दोन तऱ्हेच्या तुकड्यांची असते. स्टायरीनचे कडक तुकडे एकमेकांना गाठी मारतात आणि मधले ब्युटाडाइनचे तुकडे रबरासारखे ताणले जातात. प्रमाण पुरेसं असलं की सगळ्या डांबरात जाळं तयार होतं. रबराच्या चुऱ्यात असं सलग जाळं नसतं, सुटे फुगलेले कण असतात. म्हणून ताणून सोडल्यावर पीएमबी जास्त परत येतं.

ही चाचणी बघण्यासारखी आहे. डक्टिलोमीटरमध्ये १५ अंशांच्या पाण्यात डांबराचा धागा १० सेंमी ताणतात, मधोमध कात्रीनं कापतात आणि तासभर तसाच सोडतात. साधं डांबर कापलेल्या जागी मेल्यासारखं पडून राहतं. सीआरएमबीची टोकं निम्म्यापेक्षा जास्त मागे सरकतात. चांगल्या एसबीएसची टोकं तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त आखडतात.

वजनकाट्यापुढे ट्रेलर उभे राहतात, पुढे सरकतात, ब्रेक मारतात. वेग कमी म्हणजे भार जास्त वेळ एकाच जागी. तिथले १०० मीटर पीएमबीनं आणि बाकी ९०० सीआरएमबीनं करता आले तर उत्तम. नव्या मानकात पीएमबीची नावं तापमानावरून आहेत. नागपूरच्या साध्या महामार्गाला ७० पुरलं तरी रांगेच्या जागी एक पायरी वर, ७६ घ्यावं.

गिट्टी_चुरी

कागदावर झकास. पण १०० मीटरला ६६ टन माल आणि साडेतीन टन पीएमबी. तेवढं कोण देणार? आणि एकाच प्लँटवर टाकी बदलताना दोन डांबरं मिसळणार. एका रस्त्याला एकच डांबर ठेवा. पैसे असतील तर सगळं पीएमबी, नाहीतर सगळं सीआरएमबी, आणि काट्यापुढच्या १०० मीटरला काँक्रीटचा पट्टा. उभ्या ट्रेलरला काँक्रीटच बरं.

मार्शल७५

६६ टनांचं मान्य, तेवढ्यासाठी टँकर येत नाही. काँक्रीटला माझी हरकत नाही, फक्त पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. सिमेंटचा रस्ता उंच आणि शेजारचा डांबरी खाली राहिला की सांध्यावर तळं साचतं आणि पहिल्याच पावसाळ्यात डांबराची कड उखडते. शहरात अशा कडा हव्या तेवढ्या बघायला मिळतील.

संत्रा_बर्फी

मग प्लास्टिकच्या रस्त्यांचं काय? तेही पॉलिमरच नं?

ऑटोमोटिव्ह_चौक

पॉलिमर खरं, पण काम वेगळं. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या राजगोपालन वासुदेवन यांची ती रीत. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यात कापलेलं प्लास्टिक डांबरात नाही, तापलेल्या गिट्टीवर टाकतात. १६०-१७० अंशांना ते वितळून गिट्टीवर पातळ थर बसतो, मग डांबर. आयआरसी एसपी ९८ त्यासाठीच आहे. प्रमाण डांबराच्या ६ ते ८ टक्के. पिशव्या, वेष्टनं चालतात. पीव्हीसी अजिबात नाही, तापल्यावर त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो.

प्लास्टिकच्या थरानं गिट्टी पाणी कमी पिते आणि मिश्रण कडक होतं. लवचीकपणा मात्र येत नाही. कापलेला धागा प्लास्टिकनं मागे सरकणार नाही. तेव्हा "समतुल्य"च्या नावाखाली प्लास्टिक खपवू देऊ नका.

बोर_नदीकाठ

काम डिसेंबरात रात्री करायचा विचार आहे, दिवसा ट्रेलर थांबत नाहीत. तापमानांचं सांगा.

तर्री_कमी

डिसेंबरच्या रात्री? थांबा जरा. ज्यावर थर टाकायचा त्या जागी साध्या डांबराला १० अंशांच्या खाली आणि सुधारित डांबराला १५ च्या खाली काम बंद, असं रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्येच आहे. हिंगण्याच्या उघड्या पट्ट्यात डिसेंबरात रात्री अकरानंतर १५ कुठून आणणार? फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च धरा. नाहीतर डिसेंबरात दुपारी अर्धा रस्ता बंद ठेवून करा.

मार्शल७५

हाव, हा मुद्दा मोठा आहे. रबराचं डांबर दाट असतं, त्यामुळे सगळी तापमानं वर सरकतात. मिसळताना डांबर १६५ ते १८५. प्लँटमधून निघताना माल १७० च्या आसपास. पेव्हरमध्ये (माल पसरवणाऱ्या यंत्रात) पडताना १५० च्या खाली नको. पहिला रोलर १४० च्या आसपास सुरू, आणि ११५ वर उतरायच्या आत सगळं दाबून झालं पाहिजे. व्हीजी ३० चा माल ९० पर्यंत रोलरखाली दबतो म्हणून त्याची सवय झालेली गँग चहा पिऊन येते. सीआरएमबी तोवर दगड झालेलं असतं. वरून गुळगुळीत दिसतं, आत पोकळी १० टक्के. तो थर पुढच्या पावसात पाणी पितो आणि गिट्टी सोडायला लागतो. मग "रबरामुळे खराब झालं" असं लिहून मोकळे.

दुसरं टोकही आहे. गार होईल म्हणून प्लँटवर २०० च्या वर तापवणारे असतात. त्या तापमानाला रबराची साखळी तुटते, फुगलेला कण परत पातळ होतो आणि सॉफ्टनिंग पॉइंट खाली येतो. टाकीत रात्रभर १८० ला ठेवलेला मालही तसाच. काम थांबलं तर १४०-१५० ला उतरवा, ढवळणी चालू ठेवा आणि सकाळी परत चढवा.

टिप्परवर ताडपत्री दोन्ही कडांना बांधलेली हवी. नुसती वर टाकलेली वाऱ्यानं फुगते आणि कडेचा माल गार गोळ्यांनी पेव्हरमध्ये पडतो.

गिट्टी_चुरी

रोलरचं एक राहिलं. रबरी चाकांचा पीटीआर सीआरएमबीवर गार चाकानं चढवला की माल उचलतो. माल उचलला की ड्रायव्हर चाकाला डिझेल लावतो. डिझेल डांबर विरघळवतं, महिन्याभरानं बरोबर चाकाच्या रुंदीच्या पट्ट्यात गिट्टी सुटते. चाकं आधी गरम मालावर फिरवून तापवून घ्या आणि साबणाचं पाणी वापरा. तेही फवाऱ्यानं, बादलीनं नाही.

टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून आधी मारायचा डांबराचा फवारा) जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो, इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) तपकिरीचं काळं झाल्याशिवाय पेव्हर पुढे नको. आणि गिट्टी. पाचगावच्या बाजूची काळी बसाल्ट डांबराला चांगली धरते, पण जॉ क्रशरची चपटी-लांबट निघते. चपटी आणि लांबट मिळून ३५ टक्क्यांच्या आत हवी. चपटी गिट्टी रोलरखाली तुटते आणि तुटलेल्या तोंडाला डांबर नसतं. टीएसआर (पाण्यात भिजवल्यावर मालाची किती टक्के ताकद उरते तो आकडा) ८० च्या खाली आला तर २ टक्के हायड्रेटेड चुना घाला, तेवढ्या चुरीच्या जागी.

बोर_नदीकाठ

मार्च पक्का करतो. आणखी एक. त्रयस्थ तपासणीत डांबराचं प्रमाण कमी निघालं म्हणून कपात झाल्याची उदाहरणं ऐकली. सीआरएमबीत हे जास्त होतं म्हणतात. खरं का?

मार्शल७५

खरं, आणि बऱ्याचदा ठेकेदाराची चूक नसते. सेंट्रिफ्यूजमध्ये माल घालून ट्रायक्लोरोएथिलीननं डांबर धुतात. डांबर विरघळतं, टायरचं रबर विरघळत नाही. ते गिट्टीबरोबर भांड्यात राहतं किंवा फिल्टरच्या कागदावर काळ्या पिठासारखं बसतं, आणि त्याचं वजन गिट्टीत धरलं जातं.

१००० ग्रॅम माल घ्या. त्यात सीआरएमबी ५५ ग्रॅम, त्यातलं रबर सुमारे ५. धुतल्यावर ५० ग्रॅमच गेलं असं दिसतं. अहवालात येतं ५.० टक्के. बीसीच्या दुसऱ्या ग्रेडिंगला किमान ५.४ लागतं, म्हणजे कागदावर नापास. प्रत्यक्षात माल ५.५ चा. थोडं रबर द्रावकाबरोबर निसटतं, त्यामुळे फरक दर वेळी तेवढाच येतो असंही नाही.

उपाय काम सुरू होण्याआधीच करायचा. त्याच टँकरच्या डांबरानं आणि त्याच गिट्टीनं लॅबमध्ये नेमका ५.५ टक्क्यांचा माल बनवा, तीन नमुने धुवा, सरासरी जेवढी कमी येईल तेवढी दुरुस्ती ठरवा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन जॉब मिक्सला जोडा. काम झाल्यावर हा मुद्दा काढला तर तो बहाणाच वाटतो.

तर्री_कमी

आणि टँकर आला की उतरवण्याआधी दोन डबे नमुना काढा, वरून एक आणि खालून एक. दोन्हींचा सॉफ्टनिंग पॉइंट काढा. फरक ३-४ अंशांच्या आत असेल तर रबर बसलेलं नाही. खालचा ६२ आणि वरचा ५१ आला तर टँकरमधलं डांबर वाटेत ढवळलेलं नाही. तेव्हा तासभर पंपानं फिरवून परत नमुना घ्या, लगेच उतरवून घेऊ नका. डब्यावर टँकरचा नंबर, तारीख आणि तापमान लिहून एक डबा सील करून ठेवा, हमीची मुदत संपेपर्यंत.

बोर_नदीकाठ

डबे ॲल्युमिनियमचे की पत्र्याचे?

तर्री_कमी

पत्र्याचे, झाकण घट्ट बसणारे, एक किलोचे. काठोकाठ भरू नका, परत तापवताना उतू जातं.